जाकीट घातलेलं इंजिन

शिवणताईने नवऱ्याला सोडायचं पक्कं केलं ते एका शुक्रवारी सकाळी, हातात पत्र धरून.

पत्र तिचंच होतं. नदीपलीकडे राहणाऱ्या धाकट्या बहिणीला तिने आदल्या दिवशी रागाच्या भरात लिहिलं होतं की आता पुरे झालं, या माणसापुढे मी हात टेकले, माझं शिलाई मशीन घेऊन कायमची तुझ्याकडे येते. लिहिलं आणि कात्रीखाली ठेवून दिलं, कारण राग काय, येतो आणि जातो. सकाळी पाहते तर पत्रावर लाल पेन्सिलीच्या चार खुणा, आणि समासात सुबक अक्षरांत शेरा: 'वाक्य फार लांब. तोडावे.' आता तुम्हीच सांगा, बायको घर सोडून चालल्याचं पत्र माणसाच्या हाती पडतं, तो ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो, आणि त्याला खटकतं काय, तर वाक्याची लांबी! शिवणताईने पत्राची घडी घातली आणि बॅग काढायला ती माळ्यावर चढली. बॅग सापडली, पण तिच्यात एका जुन्या मोटारीचा गिअरबॉक्स होता, आणि तो दोघांशिवाय उचलला जात नव्हता.

नवऱ्याला गल्लीत लालपेन्सिल म्हणत. तीस वर्षं त्याने एका छापखान्यात प्रुफं तपासली होती. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा त्याने जुनी इंजिनं घरी आणून नव्याने बांधायला सुरुवात केली. मोटारींची, बोटींची, एक तर कशाचं होतं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. न्हाणीघरात ट्रकचं इंजिन होतं आणि त्याच्या डोक्यावर साबणाची डबी. फ्रिजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात आठ व्हॉल्व्ह उभे होते, प्रत्येकाच्या गळ्यात नंबराची चिठ्ठी. दिवाणखान्यातल्या सोफ्याचा अर्धा भाग चादर पांघरलेल्या एका इंजिनाने अडवला होता, आणि आलेले लोक अंग चोरून त्याच्या शेजारी बसत.

बरं, इंजिनं चालत नव्हती असंही नाही. सगळी एकेकदा चालू झाली होती! पण लालपेन्सिलची रीत छापखान्यातली. इंजिन चालू झालं की ते त्याच्या लेखी पहिलं प्रूफ. मग तो शिवणताईची लाकडी मोजपट्टी घ्यायचा, एक टोक इंजिनाला लावायचा, दुसरं कानाला, डोळे मिटायचा आणि ऐकायचा. थोड्या वेळाने त्याची डावी भुवई वर जायची. भुवई वर गेली की संपलं. "खोलावं लागेल," असं म्हणून तो पुन्हा सगळं सुटं करायचा. दुसरं प्रूफ, तिसरं प्रूफ, सातवं प्रूफ. घरातली नऊ इंजिनं अशी सुधारणेपायी उघडी पडली होती.

दहावं जेवणाच्या टेबलावर होतं, आणि खरी अडचण तीच होती. ते बोटवाल्याचं होतं. नदी ओलांडायला गावात तेवढी एकच बोट, आणि तिचं इंजिन चार महिने शिवणताईच्या टेबलावर बसलेलं. चार महिने नवरा-बायको ताटं मांडीवर घेऊन जेवत होती आणि नदी बंद होती. पलीकडचा न्हावी कामाला म्हणून अलीकडे आला तो इकडेच अडकला. त्यामुळे पलीकडे सगळ्यांचे केस मानेवर आले होते, आणि अलीकडे दोन न्हावी झाल्यामुळे लोक भिडेखातर आठवड्यातून दोनदा केस कापून घेत होते. डोंगरावरून एक रस्ता होता, दोन दिवसांचा, पण तो न्हाव्याला झेपणारा नव्हता. शिवणताई चढली असती, पण तिचं मशीन पायाचं, खाली ओतीव लोखंडाचा घोडा. ते डोक्यावर घेऊन डोंगर कोण चढणार? आणि मशीन सोडून ती जाणार नव्हती. नवरा सोडणं वेगळं, मशीन सोडणं वेगळं.

ती टेबलापाशी जाऊन उभी राहिली. लालपेन्सिल इंजिनाच्या पोटात डोकं घालून बसला होता.

"अहो, हे कधी होणार?"

"होईल की. घाई काय आहे?"

"मला बोटीने पलीकडे जायचंय."

"बहिणीकडे? किती दिवस?"

"कायमची. तुम्हाला सोडून चाललेय मी. पत्रात सगळं लिहिलंय, वाचलंत ना?"

लालपेन्सिलने डोकं बाहेर काढलं. चष्मा काढून पुसला, त्याने तो आणखी तेलकट झाला.

"मला वाटलं, तो कच्चा मसुदा आहे," तो म्हणाला.

शिवणताईने घडी घातलेलं पत्र टेबलावर आपटलं. तो मात्र शांतपणे विचार करत होता. त्याचं डोकं तसंच चालायचं, एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर.

"म्हणजे मी हे इंजिन पुरं केलं, तर तू जाणार."

"हो."

"आणि नाही केलं, तर तुला जाता येणार नाही."

"हो. पण मुद्दाम बिघडवलंत तर बघा!"

हे त्याला लागलं. त्याचा चेहराच उतरला. "तीस वर्षांत मी मुद्दाम एक चूक सोडलेली नाही," तो म्हणाला. आणि शिवणताईला पक्कं ठाऊक होतं की हे खरं आहे. त्याच खरेपणाचा तर तिला वीट आला होता. घरातल्या प्रत्येक गोष्टीला तो खूण करायचा. भाजीला, शेजाऱ्यांच्या पाटीला, तिच्या हसण्याला. कधी एखादी गोष्ट पाहून 'असू दे' म्हणाला नाही.

"गुरुवारी सकाळी दहा," ती म्हणाली. "मी तारीख दिली की पाळते. आजवर एकही कपडा उशिरा गेला नाही माझ्या हातून."

"तारीख गिऱ्हाइकाला देतात."

"मग आजपासून मी गिऱ्हाईक."

त्या दिवसापासून शिवणताईने इंजिन हाती घेतलं. एरवी ती त्या टेबलाकडे पाहायचीही नाही, आता बाह्या सारून समोर बसली. हा नट का बाहेर आहे? कशासाठी? मग घाला आत. तो एखादा भाग तिसऱ्यांदा घासायला घ्यायचा, ती हातातून काढून घ्यायची. पिस्टन गरम असताना त्यात पिन बसते असं कळल्यावर तिने मोठ्या पातेल्यात चारही पिस्टन उकळायला घातले, आणि चिमट्याने काढून असे पटापट दिले की त्याने पिना बसवता बसवता दोनदा "वा" म्हटलं. पिस्टनला म्हटलं असेल, कोण जाणे.

तो तिला ऐकायला शिकवत होता. हाताने क्रँक फिरवायचा, ती मोजपट्टी कानाला लावायची. पहिल्या दिवशी तिला नुसती खरखर ऐकू आली. तिसऱ्या दिवशी तिला कळलं की चारही सिलिंडर वेगवेगळं बोलतात, आणि तिसरा जरा कुरकुऱ्या आहे. "तिसरा कुरकुरतोय," ती म्हणाली. त्याने तिच्याकडे असं पाहिलं की ती लाजली. साठीला आलेली बाई, आणि नवऱ्याला सोडून चाललेली, लाजते म्हणजे काय! खरं सांगायचं तर तिला मजा येत होती, आणि मजा येतेय याचा तिला भयंकर राग येत होता.

बोटवाला रोज यायचा आणि चादरीतल्या इंजिनाशेजारी बसून राहायचा. बोलणं जेमतेम. मंगळवारी म्हणाला, "ताई, बोट चालू होतेच आहे तर मला एक जाकीट शिवा. चार महिन्यांनी लोकांपुढे जायचं, जरा बरा दिसायला हवा." शिवणताईने माप घेतलं आणि गुरुवार दिला.

आता या घरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं खोटं वाटेल. शिवणताई कुठलाही कपडा आधी खाकी कागदावर आखायची, कागद कापायची, आणि त्या कागदावरून कापड. लालपेन्सिलने तिचं पाहून तेच उचललं होतं. इंजिनात दोन भागांच्या मध्ये जी गॅस्केट बसते, म्हणजे तेल-धूर बाहेर येऊ नये म्हणून घालायचा पातळ पत्रा, ती तो आधी खाकी कागदावर आखायचा. कागद तोच, पेन्सिल तीच, आणि तयार कागद अडकवायचा खिळासुद्धा एकच, मशीनच्या वरचा. बुधवारी दुपारी त्या खिळ्यावर दोन कागद होते. एक जाकिटाच्या पाठीचा, एक सिलिंडरवरच्या गॅस्केटचा. वारा आला, कागद पडले, कोणीतरी उचलून परत अडकवले. कोणी, यावर त्यांचं आजही एकमत नाही.

शिवणताईने आपला म्हणून जो कागद घेतला त्यात चार मोठी गोल भोकं होती आणि कडेने दहा बारीक. तिला नवल वाटलं. पण कागद खोटं सांगत नाही, यावर तिचा अख्खा धंदा उभा होता. माणसांची अंगं काय काय असतात ते तिने पाहिलं होतं. असेल बोटवाल्याला काही अडचण. तिने पाठीला चार भोकं कापली, प्रत्येकाला सुबक गोट लावला, आणि बारीक दहांना काजासारखी वीण घातली. दोन तास गेले त्यात, पण काम बघत राहावं असं झालं.

तिकडे लालपेन्सिलच्या हाती जाकिटाची पाठ. मूळ प्रतीत जे आहे ते आहे, मूळ प्रतीवर शंका घ्यायची नाही, हे त्याच्या हाडीमासी खिळलेलं. त्याने पत्र्यातून पाठ कापली. वर गळा, दोन्ही बाजूंना बगलेचे गोल, खाली जरा निमुळती कंबर. ती इंजिनात बसवली, बोल्टांसाठी दहा भोकं पाडून घेतली, आणि वरून हेडचं जड झाकण आवळलं. खांदे दोन्ही बाजूंना बाहेर आले. "पूर्वीचे लोक काय विचार करून बनवायचे," तो कौतुकाने म्हणाला.

गुरुवारी सकाळी दहाला बोटवाल्याने जाकीट घातलं. पाठीवरून हात फिरवला. बोटं आत गेली.

"ताई, हे काय?"

शिवणताईने त्याच्या पाठीकडे पाहिलं, मग टेबलावरच्या इंजिनाच्या खांद्यांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातून चुकीचा कपडा गेला होता. पण ती तोंड उघडणार तोच बोटवाला म्हणाला, "हवा मात्र झकास लागतेय हो," आणि आरशासमोर जाऊन उभा राहिला. त्याने ते काढलंच नाही.

लालपेन्सिलने हॅन्डल मारलं.

तुम्ही म्हणाल, जाकिटाची पाठ घातलेलं इंजिन चालू होणार कसं? ते मला विचारू नका. पहिल्या झटक्याला चालू झालं! भांडी खणखणली, फ्रिजमधले आठ व्हॉल्व्ह आडवे झाले, आणि टेबल इंजिनासकट थरथरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चालत गेलं. गल्ली गोळा झाली. खिडकीतून पलीकडच्या न्हाव्याने डोकं घातलं आणि तो तिथेच रडायला लागला.

शिवणताई पाहत होती ती फक्त नवऱ्याकडे. त्याने मोजपट्टी घेतली. एक टोक इंजिनाला, एक कानाला. डोळे मिटले. आता भुवई वर जाईल, आता म्हणेल 'खोलावं लागेल', सगळं पुन्हा सुटं होईल, आणि मग मी काय करणार, मला राहावंच लागेल. तिच्या लक्षात आलं की आपण हे देवाकडे मागतोय. अगदी हात जोडून मागावं तसं मागतोय.

भुवई वर गेली. तिने ती नीट पाहिली. वर गेली, थांबली, आणि हळूच खाली आली.

"ठीक आहे," लालपेन्सिल म्हणाला. "न्या."

आठ माणसांनी इंजिन बोटीवर नेऊन बसवलं, आणखी चौघांनी शिलाई मशीन नेलं. लालपेन्सिल मशीनचं लाकडी झाकण छातीशी धरून मागून आला. बोटीत मशीनवर ते झाकण ठेवलं, दोनदा दाबून पाहिलं, बसलं की नाही. "जपून जा," म्हणाला.  न्हावी आधीच पुढच्या फळीवर जाऊन बसला होता. "ताई, चला हो," तो म्हणाला, "माझी बायको मला ओळखेल का तेवढं सांगा."

बोट निघाली. इंजिन छान बोलत होतं. पाणी सपाट होतं, बोटवाल्याच्या जाकिटातून वारा आरपार जात होता, आणि शिवणताई मशीनला टेकून मुद्दाम पलीकडच्या काठाकडे तोंड करून बसली होती. निम्मी नदी ओलांडली तेव्हा तिला ती ऐकू आली. बारीक टिकटिक. तिने सामानातली मोजपट्टी काढली, टोक इंजिनाला लावलं, दुसरं कानाला. पहिला ठीक. दुसरा ठीक. तिसरा टिक, टिक, टिक.

त्याने ऐकलं होतं. हे ऐकू न येणारा तो माणूसच नव्हे. ज्याने शेजाऱ्यांच्या मृत्यूच्या बातमीतसुद्धा चूक दाखवायला कमी केलं नाही, त्याने ही टिकटिक कानाने धडधडीत ऐकली, आणि गिळली. 'ठीक आहे' म्हणाला. तिला जायचं होतं म्हणून. सगळ्या आयुष्यात त्याने एक चूक सोडली, ती तिच्यासाठी. शिवणताईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी ती कडाडली, "मेला! माझ्यासाठी सदोष काम पाठवतो होय? बंद करा इंजिन!"

"बंद?" बोटवाला म्हणाला. "नदीच्या मध्यावर?"

"बंद करा म्हणते ना!"

इंजिन बंद झालं आणि बोट प्रवाहाबरोबर खाली वाहायला लागली. शिवणताईने बोटवाल्याचा पाना घेतला, वरचं झाकण उघडलं. काठावर लालपेन्सिलने आवाज थांबलेला ऐकला आणि तो पळत सुटला. बोट वाहेल तसा काठाकाठाने, लोकांच्या परसांतून, वाळत घातलेल्या कपड्यांखालून, आणि काठ संपला तिथे गुडघाभर पाण्यातून.

"काय झालं?" तो ओरडला.

"तिसरा!" ती ओरडली. "व्हॉल्व्हला फट जास्त आहे!"

"माहितीये!"

"माहितीये म्हणून सांगताय वर तोंड करून?"

"फट मोजायची पट्टी आहे का?"

"नाही! किती हवी?"

तो पाण्यात थांबून विचार करू लागला. बोट पुढे गेली, तो पुन्हा धावला. "दाढीच्या पात्याएवढी! दोन पाती, एकावर एक!"

शिवणताईने न्हाव्याकडे पाहिलं. न्हाव्याने पेटी पोटाशी धरली, पण तिच्या डोळ्यांकडे पाहून मुकाट्याने दोन पाती काढून दिली. तिने ती एकावर एक ठेवून फटीत सरकवली, स्क्रू फिरवला, नट आवळला.  झाकण बसवलं. "मारा हॅन्डल."

इंजिन चालू झालं. तिने मोजपट्टी लावली नाही, लावायची गरज नव्हती. काठावर लालपेन्सिल कानामागे हात धरून उभा होता. पाणी त्याच्या मांडीपर्यंत आलं होतं. भुवई जागची हलली नाही. मग तो दोन्ही हात वर करून ओरडला, "आता काही चूक नाही! जा! आता खुशाल जा!"

आणि तो खरंच मनापासून म्हणत होता, हो! आनंदाने म्हणत होता. बायको जातेय, पण चांगल्या इंजिनावर जातेय, एवढ्यानेच त्याचा चेहरा उजळला होता. शिवणताईला हसू आवरेना आणि रडूही आवरेना.

"ताई, कुठल्या काठाला घेऊ?" बोटवाल्याने विचारलं.

"तो येडा भिजतोय त्या."

न्हाव्याने कपाळावर हात मारला. बोट वळली, लालपेन्सिलपाशी येऊन थांबली. तो गोंधळून पाहत राहिला.

"अगं, इकडे कशाला? तुला पलीकडे जायचंय ना?"

"जायचंयच. चढा."

"मी?"

"मग काय, त्या घरात परत जाऊ? मला ते घर नको आहे. तुमच्याबद्दल मी अजून विचार करतेय. चढा म्हणते ना!"

त्याने मागे वळून गल्लीच्या दिशेने पाहिलं. "दार उघडं राहिलंय," तो म्हणाला.

"असू दे."

"कोणी आत शिरून नेलं सगळं तर?"

"नऊ इंजिनं? देव त्याचं भलं करो."

लालपेन्सिलने बोटीच्या कडेला हात लावला. ओठ हलले. तो काहीतरी दुरुस्त करणार असं तिला वाटलं, आणि तिने पाना घट्ट धरला.

"असू दे," तो म्हणाला, आणि तिचा हात धरून ओल्या पँटीनिशी बोटीत चढला.